बाहेरून राहू द्या

आमच्या वेबसाईटच्या पहिल्या पानावर एक लाल गाडी होती. तशी गाडी आमच्या भूम गावच्या रस्त्यावर मी आजवर पाहिलेली नाही, आणि चुकून आलीच तर पहिल्याच स्पीडब्रेकरला तिचं पोट टेकेल. त्या गाडीवर चारी बाजूंनी पाण्याचे फवारे उडत होते, मागे हिरवीगार झाडं होती आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत गाडीला राजेशाही स्नान घालण्याचं आमंत्रण होतं. नवऱ्याच्या पुण्यातल्या एका मित्राने ती साईट करून दिली होती. करून दिली म्हणजे कुठल्याशा परदेशी दुकानाची उचलली आणि आमचं नाव नि फोन नंबर तेवढा घातला. मी तिला मनसोक्त हसायचे. पोटासाठी मी स्वतः हेच काम करते, लोकांच्या वेबसाईट बनवते, पण घरच्या साईटला हात लावायला मला सवड नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आधी आमच्या धंद्याचं सांगते. आम्ही दोघं पुण्यात होतो. नवरा एका मोठ्या गॅरेजच्या तळघरात गाड्यांना पॉलिश करायचा. घरी आला की जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. दिवसदिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. मग सासऱ्यांनी निरोप पाठवला की भूमला, ईट गावाच्या रस्त्याला आपला जमिनीचा तुकडा आहे, बोर आहे, इथंच काहीतरी कर. आम्ही आलो. त्याने पत्र्याची शेड घातली, रॅम्प बांधला, गाड्या धुणं, आतून साफ करणं, पॉलिश, गंज धरू नये म्हणून खालून कोटिंग, असं सगळं सुरू केलं आणि त्याला 'कार केअर' असं भारदस्त नाव दिलं. लोक वॉशिंग सेंटरच म्हणतात. इथं आल्यावर तो बोलायला लागला. एकदा तर बंपर घासताना चक्क गुणगुणत होता. ते ऐकून मी ठरवून टाकलं, आता पुण्याला परत जायचं नाही, काय वाट्टेल ते होवो.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, गल्ली त्यांना आण्णा म्हणते. बोर त्यांची. घराच्या टाकीवरून त्यांनी कुंपणाबाहेर एक नळ काढून ठेवलाय आणि मागच्या गल्लीतल्या बायका तिथून प्यायचं पाणी नेतात. कुणी विचारत नाही आणि मामा कुणाला अडवत नाहीत. शेडकडे जाणारा पाईप वेगळा, त्याला त्याचा व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात बोर बारीक होते, मग गल्लीत टँकर यायला लागतो.

गेल्या उन्हाळ्यात टँकर लवकर सुरू झाला. आणि कुणा रिकामटेकड्याने एक उद्योग केला. वर टँकरपुढच्या घागरींच्या रांगेचा फोटो, खाली आमची लाल गाडी फवाऱ्यात नहाताना, आणि दोन्हींच्या मध्ये एकच ओळ: माणसं तहानलेली, गाड्यांची आंघोळ. भूममधल्या झाडून सगळ्या ग्रुपवर ते फिरलं, तिथून शेजारच्या वाशीला गेलं, ईटला गेलं. मला ते पाठवलं माझ्या सख्ख्या बहिणीने, तेही हसायचं चित्र टाकून. मी काही हसले नाही.

सकाळी आक्का आली. आक्का मागच्या गल्लीत राहते. टँकरच्या रांगेत कोण कुठं उभं राहणार हे ती ठरवते आणि तिच्या शब्दापुढं कुणाची टाप नाही. तिने कमरेवरची रिकामी घागर आमच्या ओट्यावर ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आण्णा," ती मामांना म्हणाली, "तुमच्या नळाचं पाणी म्या लई वर्सं पिले. तुमी कवा कुणाला न्हाय म्हनला न्हाईत. मग ही गाडीची आंघोळ कुनाच्या पाण्यात चाललीया?"

मला राहवलं नाही. "आक्का, तो फोटो आमचा नाही. ती गाडी परदेशातली आहे."

"मंग तुमच्या नावाखाली कशी आली?"

घागर तशीच रिकामी उचलून ती निघून गेली. नळाकडे वळलीसुद्धा नाही.

मामा उठले, शेडकडे गेले आणि व्हॉल्व्ह बंद करून त्याचं लोखंडी चाक पान्याने खोलून घेऊन आले. ते त्यांनी देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलं. "पाऊस पडस्तोवर ते तिथंच," एवढंच म्हणाले. देव्हाऱ्यातून काही उचलून आणायची हिंमत आमच्या घरात कुणाची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.

मी पेटले होते. गावात बंगल्यांपुढं पाईप लावून अंगणं धुणारे आहेत, त्यांना कुणी विचारत नाही. आमचा नवरा गाड्या धुतलेलं पाणी खड्ड्यात साठवून लिंबाच्या झाडांना सोडतो, आणि बोल मात्र आम्हाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. हे सगळं मी स्वयंपाकघरात भांड्यांना ऐकवलं. पण भांडी घासून होईपर्यंत एक गोष्ट माझ्याही डोक्यात आली होती. पाणी झाडांना गेलं तरी येतं त्याच बोरमधून. आक्काचा राग सगळाच काही खोटा नव्हता.

दुपारी नवरा रॅम्पच्या कडेला बसला होता. "बंद करू आपण," तो म्हणाला. "पुण्याला अजून बोलवत्यात मला." हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मला भीती वाटली. ओरडला असता तर मी भांडले असते.

"वेबसाईट नवी करते," मी म्हटलं.

"पाणी न्हाय, अन् वेबसाईट कशाला?"

"आपली अब्रू पाण्यामुळं गेली नाही, फोटोमुळं गेली. सांडलं तिथंच पुसायचं."

लाल गाडी मी त्याच दिवशी काढून टाकली. नवं काय घालायचं ते मात्र मला कळेना.

पुण्याच्या आमच्या कंपनीत वेबसाईट करायच्या आधी आम्ही गिऱ्हाईक ठरवायचो. ठरवायचो म्हणजे गार खोलीत बसून मनाने रचायचो. त्याला नाव द्यायचो, वय द्यायचो, त्याला कॉफी कसली आवडते तेही लिहायचो. मग त्या नसलेल्या माणसासाठी महिनाभर काम चालायचं. इथं तसं करायचं कारण नव्हतं. आमची गिऱ्हाइकं हाडामांसाची होती आणि त्यांच्या गाड्यांना चांगलाच वास होता. मी पदर खोचला आणि विचारायला निघाले.

पहिला गाठला तो वडापचा जीपवाला, बाजाराच्या दिवशी, एसटी स्टँडच्या बाहेर. गाडीत बाया, पिशव्या, कोंबड्या, सगळं कोंबून झालं होतं.

"वेबसाईट?" तो म्हणाला. "वहिनी, तुमचा नंबर हाय की माझ्याकडं. ती कशाला उघडू?"

"बरं, मग आमच्याकडून तुम्हाला काय पाहिजे?"

त्याने गाडीतल्या बायांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "उलटी. उनात रोज कुनीतरी वकतंच. ती घंट्याभरात साफ झाली पायजे, न्हाय तर परतीची फेरी बुडती. तुमी नंबर लावा म्हनता, मंग या म्हनता. तंवर वास बसतो."

कुठल्याही कंपनीच्या वेबसाईटवर 'उलटी' हा शब्द मी वाचलेला नाही. पण त्याच्या पोटाशी गाठ होती ती या शब्दाची.

मग ईटला गेले. तिथला खव्याचा व्यापारी आमचं जुनं गिऱ्हाईक, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. त्याची व्हॅन रोज भट्ट्यांवरून खवा गोळा करते. त्याने मागचं दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरले. आंबट वास नाकात शिरला तो घरी येईपर्यंत गेला नाही. "ह्यो वास गेला पायजे," तो म्हणाला. "रंग कसा का असंना. खवा काय रंग बघून घेत्यात व्हय?" मी त्याला लाल गाडीबद्दल विचारलं. त्याने ती पाहिली होती. "मला वाटलं तुमी गाड्या इकताय आता."

सगळ्यात उशिरा बोलते झाले ते वाशीचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, छोटी पांढरी गाडी आहे, आमच्याकडे नेमाने येतात. चहा झाला, हवापाणी झालं, तरी ते मुद्द्यावर येईनात. उठताना मीच विचारलं, गुरुजी, गाडीचं काय करू, काय कमी पडतंय?

"आतून करा," ते म्हणाले. "बाहेरून राहू द्या."

"म्हणजे?"

"धूळ असू द्या की बाहेरून. माझ्या वर्गात लेकरं बसत्यात, त्यांच्या आया टँकरच्या लायनीत असत्यात. त्यांच्यासमोरून चकाचक गाडी न्यायची म्हंजे मान वर होत न्हाय बगा. पण आत माझी आई बसती. तिला दमा हाय. आत धूळ चालत न्हाय."

घरी येऊन मी हे नवऱ्याला मोठ्या शोधासारखं सांगितलं. तो सीटचं कव्हर उलटं करत होता. "मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "टँकर सुरू झाल्यापासनं निम्मी लोकं हेच सांगत्यात. बाहेरून फडकंसुद्धा लावू देत न्हाईत."

"मग मला बोलला का नाहीस?"

"तू इचारलंच न्हाय. तू लाल गाडीला हसत हुतीस."

बोलायला लागलेला नवरा हवा होता ना मला, मग आता ऐकून घ्यायलाच पाहिजे होतं.

मी कामाला लागले. सगळं मराठीत लिहायचं ठरवलं, थोडकं, फोनच्या पडद्यावर अंगठ्याने सरकवता येईल असं. पहिल्या पानावर घालायला गुरुजींची गाडी मागून घेतली. बाहेरून अशी धुळीने माखलेली की मागच्या काचेवर कुणी पोराने बोटाने फूल काढलं होतं. चारी दारं उघडी, आणि आत नवऱ्याने साफ केलेल्या सीटा, पायदाण, डॅशबोर्ड, सगळं लख्ख. तोच फोटो काढला. आतला भाग साफ करायला व्हॅक्यूम, ओलं फडकं आणि हाताचं बळ लागतं. पाणी म्हणाल तर तांब्याभर, तेही त्याने घरच्या पिपातून घेतलेलं.

नवऱ्याने फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला. "कार केअरच्या साईटवर धुळीची गाडी? गिऱ्हाईक पळून जाईल."

"पळतंय कुठं, इथलंच आहे ते."

आमचं चांगलंच वाजलं. शेवटी फोटो राहिला, कारण भांडणात माझा दम जास्त टिकतो.

मजकूर मी मामांना वाचायला दिला. मामा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, तसंच हेही वाचलं. मी लिहिलं होतं: आम्ही पाण्याचा एकही थेंब वाया घालवत नाही.

"खोटं हाय," मामा म्हणाले.

"मामा, थोडं असं लिहावं लागतं."

"कुनी सांगितलं? थेंब जात न्हाय असं म्हननाऱ्याच्या दारात चिखल दिसतो. लोक येडे हाईत व्हय?"

"मग काय लिहू?"

"जे करनार न्हाय ते आदी लिव. करनार ते मागून."

माझा भडका उडाला. माझ्या धंद्यात असं कुणी करत नाही. दुकानाच्या पाटीवर आधी 'इथं काय मिळणार नाही' असं कोण रंगवतं? त्या दिवशी मी पोळ्या करपवल्या आणि कुणी तक्रार केली नाही, त्यामुळे तर अजूनच राग आला. पण मामा देव्हाऱ्यातलं ते चाक काढणार नव्हते, आणि खोटी ओळ ठेवून आक्काच्या समोर उभं राहायची माझी तयारी नव्हती. मग मी लिहिलंच. एकदा ठरलं की मी मागे बघत नाही.

'पाऊस पडेपर्यंत आम्ही गाडी बाहेरून धुणार नाही. आतून साफ करू. गाडीत उलटी झाली असेल तर थेट या, नंबर लावू नका. दुधाखव्याचा वास घालवून देतो.' त्याखाली फोन नंबर आणि धुळीची गाडी. एवढंच.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. नवरा रॅम्पवर बसून रस्त्याकडे बघायचा आणि मी खिडकीतून त्याच्याकडे. संध्याकाळी तो आत यायचा आणि बोलायचा नाही. पुण्याची ती भिंत मला पुन्हा दिसायला लागली. मग एका दुपारी वडापवाला करकचून ब्रेक मारत आला आणि लांबूनच ओरडला, "साईटवर लिवलंय नव्हं, थेट या म्हनून?" त्याच्या मागून दुसरा आला. खव्याची व्हॅन आली. गुरुजींनी आपल्या गाडीचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला होता, त्यामुळे गुरुजी मंडळी आली, एकजात सगळे 'बाहेरून राहू द्या' म्हणत. धुळीची गाडीही लाल गाडीसारखीच फिरली, फक्त या वेळी खाली कुणी टोमणा मारला नाही. धंदा धोधो चालला असं म्हणणार नाही. पण शेड रिकामी राहीना आणि पुण्याचं नाव निघेना.

तरी एक गोष्ट सलत होती. आक्का आमच्या नळावर येत नव्हती. ती येत नाही म्हटल्यावर तिच्या गल्लीतलं कुणीच येत नव्हतं. भर उन्हात बायका आमच्या कुंपणावरून घागरी घेऊन पुढं जायच्या, टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या. मामा ओट्यावर बसून बघायचे. आयुष्यभर त्यांनी त्या नळाचा कधी हिशेब केला नव्हता, आणि आता तो कोरडा ठणठणीत होता. एकदा ते माझ्याजवळ म्हणाले, "गिऱ्हाईक आलं बाई. गल्ली आली न्हाय अजून." ते ऐकून मला रडू आलं. गल्लीनेच पाठ फिरवली तर इथं राहून उपयोग काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

लग्नसराई चालू होती. आक्काच्या नातीचं लग्न वाशीला ठरलं होतं, हे मला उडत उडत कळलं होतं. आम्हाला आमंत्रण नव्हतं. नवरी ज्या गाडीतून निघते ती गाडी आमच्याकडे धुळीची चालत नाही. तिच्या चाकाखाली नारळ फुटतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं. मातीवर कुंकू कसं काढणार?

सकाळी शेडमध्ये जीप येऊन थांबली. आक्काचा मुलगा चालवत होता. गाडी मूळची कुठल्या रंगाची ते ओळखू येत नव्हतं. आणि गाडीच्या मागून, चालत, आक्का. कमरेवर घागर. या वेळी भरलेली, वर फडकं बांधलेलं.

तिने घागर रॅम्पवर ठेवली, माझ्या नवऱ्याच्या समोर. "टँकरच्या माझ्या पाळीचं पाणी हाय," ती म्हणाली. "यवढ्यात हुतं का बगा."

मामा ओट्यावरून उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात व्हॉल्व्हचं चाक होतं. देव्हाऱ्यातून आणलेलं, त्याच्यावर थोडं कुंकू सांडलेलं. "आक्का, नातीचं लगीन हाय. बोरचं घ्या. मी जोडतो."

"न्हाय, आण्णा."

"मी देतोय की."

"तुमी देताय, पर म्या कसं घिऊ? धुनार न्हाय म्हनून लिवलंय ना तुमी? माझ्या सुनंनं वाचून दावलं मला. लिवलंय तर लिवलंय. माझ्या घागरीत निस्ती पुसून द्या."

आक्काला वाचता येत नाही. तरी त्या पानाचा मान ठेवायला ती पहिली उभी राहिली, आणि तोही आमच्याच विरुद्ध. मामा चाक हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि परत आत नेऊन ठेवलं.

नवऱ्याने फडकी काढली, मऊ, जुन्या लुगड्यांची. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडली. मग घागरीतलं पाणी तांब्याने बादलीत घ्यायचं, फडकं बुडवायचं, पिळायचं, टपापासून सुरू करायचं आणि खाली उतरत यायचं, चाकं सगळ्यात शेवटी. मीही दुसऱ्या बाजूने लागले. आक्काचा मुलगा आरसे पुसत होता. आक्का उभी राहून प्रत्येक पिळ्याकडे बघत होती. मला एवढं दडपण कधी आलं नव्हतं, पुण्यातल्या मोठमोठ्या साहेबांसमोरसुद्धा नाही. हळूहळू जीप निळी निघाली.

घागरीच्या तळाशी थोडं पाणी उरलं. आक्काने ते पुढच्या चाकावर ओतलं, जीपमधून आणलेला नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा आधी माझ्या हातावर ठेवला. "दुपारचं निगायचं हाय," ती मला म्हणाली. "तू बी चल. आण्णांना बी आन. रुसायचं न्हाय."

मग तिने रिकामी घागर उचलली, कुंपणाबाहेर गेली आणि ती आमच्या नळाखाली ठेवली.

"आण्णा," तिने हाक मारली, "प्यायला पानी न्हाय घरी. समदं गाडीला लावलं. भरून द्या."

मामा अनवाणीच गेले आणि त्यांनी नळ सोडला. बोर बारीक झालेली, धार करंगळीएवढी. घागर भरायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ आक्का आमच्या ओट्यावर बसून राहिली.